टिलर घ्यायची की कन्सोल? मिनेसोटात पहिली फिशिंग बोट घेणाऱ्यांसाठी

दर जानेवारीत मिनियापोलिसचा बोट शो झाला की आपल्या ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा तरी मेसेज येतोच, पहिली बोट घ्यायचीये, अ‍ॅल्युमिनियमची, १६ ते १८ फुटांची, टिलर घेऊ की कन्सोल? आणि मग चर्चा लगेच एचपी किती, फिश फाइंडरची (खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राची) स्क्रीन किती इंची, लाइव्हवेल (पकडलेले मासे जिवंत ठेवायची टाकी) किती मोठी इकडे जाते. ते सगळं नंतर बघता येतं हो. आधी एकच गोष्ट ठरवा, तुमची बोट पाण्यात असताना जास्त वेळ काय करणार आहे, गळ खाली सोडून चालण्याच्या स्पीडनं सरकत राहणार, की चार माणसं घेऊन तळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला जाणार. बाकीचं बरंचसं त्यातनं आपोआप ठरतं, आणि हे न ठरवता बोट घेतली की दोन सीझनमधे ती विकायला काढलेली दिसते, असं मी बऱ्याच जणांचं बघितलंय.

कशाला काय म्हणतात ते पटकन सांगतो. टिलर म्हणजे मागच्या इंजिनालाच हँडल असतं, तेच सुकाणू, त्याचीच मूठ पिळली की स्पीड वाढतो, हँडल उजवीकडे ढकललं की बोट डावीकडे वळते. मालवण-देवगडकडे फायबरच्या होडीवर आउटबोर्ड चालवताना ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कन्सोल म्हणजे स्टीअरिंग व्हील, बाजूला गिअर-थ्रॉटलचा दांडा, आणि इंजिन मागे लांब. त्यात इकडे दोन प्रकार चालतात, फक्त उजव्या बाजूला एक कन्सोल असलेली साइड कन्सोल, आणि दोन्ही बाजूंना कन्सोल, पुढे पूर्ण काच आणि काचेच्या मधून पुढे जायची वाट असलेली फुल विंडशील्ड. सेंटर कन्सोल ही मुख्यतः समुद्रकिनाऱ्याकडची बोट, इथल्या मे महिन्यातल्या थंडीत तिचा फारसा उपयोग नाही म्हणून ती बाजूला ठेवूया.

टिलरचं पहिलं सुख म्हणजे जागा. १६ फुटी बोटीत कन्सोल, त्यामागची सीट आणि तिच्यामागे वावरायला लागणारी जागा धरली तर मधला चांगला तीन-चार फुटांचा पट्टा जातो. टिलरमधे ती सगळी जागा मोकळी जमीन म्हणून मिळते, माशानं बोटीला फेरी मारली तर तुम्ही रॉड घेऊन त्याच्या मागे चालत जाऊ शकता, जाळं घेऊन दुसरा माणूस मधे येऊ शकतो, कुणाचा पाय कशात अडकत नाही. दुसरं, स्वस्त. सारख्याच हलवर, म्हणजे बोटीच्या मूळ सांगाड्यावर, टिलर आणि विंडशील्डमधे सहज काही हजार डॉलरचा फरक पडतो, आणि तो नुसता काचेचा नाही, स्टीअरिंग, केबल, वायरिंग, गेज, जास्त एचपीचं इंजिन, त्याला झेपेल असा ट्रेलर असं सगळं मिळून. तिसरं, बिघडायला कमी गोष्टी. टिलरला स्टीअरिंग केबलच नसते तर ती अडकणार कुठून.

पण टिलर खरी कशासाठी आहे ते कळायचं असेल तर बॅकट्रोलिंग, म्हणजे बोट हळूहळू उलटी चालवत मासे धरणं, बघा. वॉलआय हा इथला राज्य मासा, १९६५ पासून, आणि उन्हाळ्यात तो बऱ्याचदा उताराच्या कडेला तळाशी चिकटून बसतो. म्हणजे समजा पाणी १२ फुटांवरून एकदम २५ वर जातंय आणि मासे त्यातल्या १८ फुटांच्या रेषेवर आहेत, तर तुमचा गळ त्या रेषेवरच राहायला पाहिजे, दहा फूट इकडे तिकडे गेलात की संपलं. बोट नाकासमोर हळू चालवली की पुढचं टोक हलकं आणि उंच, वारा ते ढकलून बाजूला नेतो, तुम्ही सतत सावरत बसता. उलटी चालवली, म्हणजे रिव्हर्समधे, मागची सपाट जड बाजू वाऱ्याला सामोरी, तर इंजिन वाऱ्याकडच्या टोकाला असतं आणि हलकं नाक आपोआप मागे वाऱ्याच्या दिशेनं लोंबत राहतं, बोट रेषा सोडत नाही. बहुतेक जण उजव्या अंगाला बसून डाव्या हातात हँडल धरतात, उजव्या हातात रॉड. डोळा फिश फाइंडरवर, १७ दिसले की हँडल बोटभर ढकललं, १९ दिसले की बोटभर ओढलं. हे काम स्टीअरिंग व्हीलनं करून बघा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-चार फेरे फिरवायला लागतात, तोवर बोट कुठच्या कुठे गेलेली असते.

आणि मासा लागल्यावरची गंमत पण टिलरवरच कळते. लिंडी रिग लावलेला असतो, म्हणजे दोरीवर सरकणारं शिसं, त्याच्यापुढे तीन-चार फूट दोरी, टोकाला हुकात जळू. वॉलआय कधीकधी नुसता जड होतो, झटका वगैरे काही नाही, दोरीला ओलं फडकं अडकल्यासारखं वाटतं. त्या क्षणी बोट पुढे गेली तर त्याला ओढ लागते आणि तो तोंडातलं सोडून देतो. टिलरवर डावा हात आधीच हँडलवर असतो, तसंच न्यूट्रल मारायचं, बोटाखालची दोरी सोडायची, थोडं थांबून मग हुक मारायचा. कन्सोलमधे तुम्ही व्हीलसमोर पुढे तोंड करून, दोरी मागे, गिअर एका हाताला, या सगळ्याचा मेळ बसवेपर्यंत मासा निघून जातो. (मासा बोटीत आला तर पांढरं, सौम्य, फारसे काटे नसलेलं मांस असतं, आगळ-हळद-तिखट लावून रव्यात घोळवा, पापलेटची आठवण कमी होते.)

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. जीपीएसवाली बो-माउंट ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोटीच्या नाकावर बसवायची बॅटरीवरची छोटी मोटर, आल्यापासून बॅकट्रोलिंगची गरज बरीच कमी झालीये. मिन कोटा कंपनीच्या स्पॉट-लॉकसारखं बटण दाबलं की मोटर स्वतःच फिरून फिरून बोट एका जागी धरून ठेवते, खोलीची रेष पण धरून चालणारी मॉडेल आहेत, आणि त्यासाठी मुख्य इंजिनाला व्हील आहे की हँडल यानं काहीच फरक पडत नाही. म्हणून नुसतं बॅकट्रोलिंगसाठी टिलर घ्या असं मी आता सांगणार नाही. एक मात्र आहे, लाटा मोठ्या झाल्या की बोटीचं नाक वर-खाली आपटतं, ट्रोलिंग मोटरचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच गरगरतो, तिथे मागचं इंजिनच कामाला येतं. फक्त उलटं जाताना लाट मागून आत येते म्हणून ट्रान्समवर, म्हणजे इंजिन बसतं त्या मागच्या उभ्या फळीवर, दोन्ही बाजूंना स्प्लॅश गार्ड लावून घ्या, त्याशिवाय बॅकट्रोलिंग म्हणजे मांडीवर बादल्या ओतून घेणं.

टिलरचा त्रास कुठे होतो, तर हाताला आणि अंगाला. इंजिन जेवढं मोठं तेवढा पंख्याच्या फिरण्याचा ओढा हँडलवर येतो, २५-४० एचपीला तो जाणवत पण नाही, ९० ला चांगला जाणवतो, आणि अर्धा तास फुल थ्रॉटल धरून ठेवलं की खांद्याला कळतं. यावर थोडा इलाज आहे, इंजिनाच्या पायाला पंख्याच्या वरच्या बाजूला एक छोटा ट्रिम टॅब असतो, हँडल सोडल्यासारखं सैल धरलं की बोट ज्या बाजूला ओढत असेल त्याच बाजूला त्या टॅबचं मागचं टोक थोडं सरकवायचं, ओढा कमी होतो. मोठ्या टिलरला हायड्रॉलिक मदत बसवता येते, पण तेवढा खर्च करायचा तर मग कन्सोल का नको हा प्रश्न स्वतःला विचाराच.

आणि स्पीडमधे असताना हँडल कधीही सोडायचं नाही. पाणी प्यायला नाही, टोपी सावरायला नाही. हँडल सुटलं की इंजिन एका बाजूला झटक्यात वळतं, बोट जागच्या जागी गर्रकन फिरते आणि माणूस बाहेर फेकला जातो, नंतर रिकामी बोट त्याच्याभोवती गोल गोल फिरत राहते. यासाठीच ती लाल गुंडाळीची किल-स्विचची दोरी असते, निसटली की इंजिन बंद करणारी, ती जॅकेटला अडकवायची. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांच्या आतल्या बोटींवर फेडरल हद्दीतल्या पाण्यात ती लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, कन्सोल असो वा टिलर, पण टिलरवाल्यानं कायदा नसता तरी लावली असती असं समजा.

एकटे जाणार असाल तर अजून एक. टिलरमधे तुम्ही, इंजिन, पेट्रोलची टाकी, बॅटरी सगळं मागच्या टोकाला, नाक आकाशात जातं आणि बोट प्लेनवर यायच्या, म्हणजे स्पीड घेऊन पाण्यावर सपाट धावायला लागायच्या, आधी काही सेकंद समोरचं काहीच दिसत नाही. ट्रोलिंग मोटरच्या बॅटऱ्या पुढे बसवून घेतल्या की बराच फरक पडतो. डीलर बोट तयार करत असतानाच हे सांगा, नंतर जाड वायर ओढायचा खर्च उगाच वाढतो.

आता एचपीचं, कारण यात लोक फार गोंधळतात. एकाच हलच्या टिलर आणि कन्सोल मॉडेलला वेगवेगळं जास्तीत जास्त एचपी का लिहिलेलं असतं? डीलरला विचारलं तर तो नुसतं कंपनीचं रेटिंग आहे म्हणतो. ते कोस्ट गार्डच्या नियमातलं गणित आहे, २० फुटांच्या आतल्या साध्या हलच्या आउटबोर्ड बोटींसाठी. बोटीची लांबी फुटात गुणिले ट्रान्समची रुंदी फुटात. समजा १६ गुणिले ६, म्हणजे ९६. स्टीअरिंग व्हील असेल आणि ट्रान्सम किमान २० इंच उंच असेल तर त्याची दुप्पट वजा ९०, म्हणजे १०२, पुढच्या पाचाच्या पटीत नेलं की १०५. व्हील नसेल, म्हणजे टिलर, तर ९६ ला ०.८ नं गुणून वजा २५, म्हणजे ५१.८, वर नेऊन ५५. तीच बोट, जवळपास निम्मं एचपी. सपाट तळाच्या जॉन बोटीला तर त्याहून कमी. तेव्हा कॅपॅसिटी प्लेट (बोटीवरची, जास्तीत जास्त एचपी लिहिलेली पट्टी) वाचल्याशिवाय जुन्या टिलरवर मोठं इंजिन चढवायचा विचार करू नका, आणि कुणी जुनी कन्सोल काढून टिलर बनवलेली बोट विकत असेल तर प्लेट कुठल्या रूपासाठी आहे ते आधी बघा.

कन्सोलकडे येऊ. खरं सांगायचं तर आपल्या लोकांची बोट फक्त मासे धरायला नसते. मुलं असतात, मुलांचे मित्र असतात, आणि जूनमधे भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की त्यांना एकदा तरी तळ्यात फिरवून आणायचं असतंच. सत्तरीच्या माणसाला डॉकवरून (धक्क्यावरून) बोटीत उतरताना धरायला काहीतरी लागतं, बसायला पाठ टेकेल अशी सीट लागते, आणि तोंडावर पाणी उडालेलं चालत नाही. विंडशील्डच्या बोटीत काचेची चौकट धरून ते आत येतात, काचेमागे डाव्या बाजूच्या सीटवर बसतात, आणि तासाभरानं सुद्धा खुशीत असतात. टिलरमधे तीच आई पुढच्या बेंचवर वाऱ्यात डोक्याला शाल गुंडाळून बसते आणि परत जाऊया कधी म्हणून विचारते. मुलांचं पण तसंच, १० वर्षांच्या आतल्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घातलेलं असायलाच लागतं हा इथला कायदा आहे, आणि काचेच्या मागे बसलेलं मूल जॅकेट काढा म्हणून तक्रार कमी करतं, उलट तेवढीच ऊब. वॉलआयचा सीझन मेच्या मध्याला उघडतो तेव्हा तळ्यावरचा बर्फ वितळून फार दिवस झालेले नसतात, सकाळच्या गार पावसात ३० मैलांच्या स्पीडनं काचेशिवाय जाणं काय असतं ते एकदा गेल्यावरच कळतं.

तळं कुठलं यावर पण पुष्कळ अवलंबून आहे. मिल लॅक्स घ्या, साधारण १ लाख ३२ हजार एकर पसरलेलं आणि सगळ्यात खोल ठिकाणी फक्त ४२ फूट. एवढं रुंद आणि एवढं उथळ म्हणजे वारा सुटला की लाटा लगेच आखूड, उभ्या, एकामागून एक येतात, १६ फुटी टिलरनं मधल्या चिखलाच्या उंचवट्यांवर जाऊन परत येताना वारा फिरला तर माणूस नखशिखांत भिजतो. अशा पाण्यावर १८ फुटांच्या आसपासची खोल हलची विंडशील्ड बोट म्हणजे चैन नाही. लेक ऑफ द वूड्सला पण तेच. याउलट मिनियापोलिस शहराच्या आसपासची दोनशे-चारशे एकरांची तळी, क्रॅपी आणि सनफिश या छोट्या माशांची, तिथे कन्सोलचा उपयोग तरी काय, पाच मिनिटांत तर दुसरा किनारा येतो. मिनेटोंका मधे आहे, तळं खाडी-खाडीचं पण शनिवार-रविवारी वेक बोटींच्या (मुद्दाम मोठ्या लाटा उठवणाऱ्या बोटींच्या) लाटा अशा असतात की छोट्या टिलरमधे बसून मन रमत नाही, पहाटे जाऊन नऊला बाहेर पडणार असाल तर गोष्ट वेगळी. आणि उत्तरेला बाउंड्री वॉटर्सकडे जायचं स्वप्न असेल तर तिथे बहुतेक तळ्यांवर मोटर चालतच नाही, ज्या थोड्यांवर चालते तिथे बहुतेक ठिकाणी १० किंवा २५ एचपीची मर्यादा आहे, म्हणजे तिथे छोटी टिलरच.

साइड कन्सोलबद्दल माझं मत थोडं कडक आहे. १६ फुटी साइड कन्सोलमधे जागा पण जाते आणि आडोसा पण मिळत नाही, ती छोटीशी काच तुमच्या छातीपुढचा वारा अडवते आणि बाजूला बसलेली बायको पूर्ण वाऱ्यात. १७-१८ फुटांच्या पुढे तिला अर्थ येतो, पुढचा डेक मोकळा राहतो, एका बाजूनं सरळ चालत जाता येतं, बास मासा पकडणारे म्हणूनच ती घेतात. पण दोन्हीचं थोडं थोडं मिळेल म्हणून १६ फुटांत घेत असाल तर दोन्हीचं थोडं थोडं जातं.

मग घ्यायचं काय? मुख्यतः एकटे किंवा एका मित्राबरोबर जाणार, हळू मासेमारी, तळी लहान-मध्यम, गाडी साधी एसयूव्ही, तर १६ फुटी, ४० ते ६० एचपीची टिलर, डोळे झाकून. लुंड, क्रेस्टलायनर, अल्युमाक्राफ्ट, तिन्ही कंपन्यांकडे या मापाच्या टिलर मिळतात आणि इथे त्या जुन्या बाजारात पटकन विकल्या जातात. घरचे सगळे येणार, ट्यूबिंग (बोटीमागे बांधलेल्या रबरी ट्यूबवर बसून फिरणं) हवं, मोठी तळी, तर १७-१८ फुटी विंडशील्ड, ९० ते १५० एचपी, आणि हळू ट्रोलिंगसाठी बाजूला ९.९ एचपीची किकर मोटर, म्हणजे दुसरं छोटं इंजिन, जिला मुख्य इंजिनाशी दांड्यानं जोडता येतं म्हणजे तेच व्हील दोन्हीला चालतं. किकरचे पैसे आत्ता नसतील तर नंतर लावा, पण ट्रान्समवर तिच्यासाठी जागा आहे ना ते आत्ता बघा. आणि बोट एकच असणार, दोन्ही कामं तिच्याकडूनच करून घ्यायचीत, तर विंडशील्ड घ्या आणि पुढे चांगली जीपीएस ट्रोलिंग मोटर लावा. मासेमारीचं तुमचं थोडंसं नुकसान होईल पण घरचे बोटीत यायला नाही म्हणायचे थांबतील, आणि घरच्यांना आवडलेली बोटच जास्त वेळा पाण्यात उतरते. १८ फुटी मोठ्या टिलर, ९०-११५ एचपीच्या, गाइड लोक वापरतात, त्या अप्रतिम बोटी आहेत, पण ती पहिली बोट नव्हे.

जुनी कन्सोल घेत असाल तर इंजिनाच्याही आधी स्टीअरिंग फिरवून बघा. केबलवालं असेल आणि जड फिरत असेल तर बहुतेक वेळा आतलं ग्रीस घट्ट झालेलं किंवा नळीत गंज धरलेला असतो, केबल बदलायला लागते, ती किंमतीतनं कापून घ्या. १०० एचपीच्या आसपास किंवा वर असेल तर हायड्रॉलिक स्टीअरिंग असलेलं बरं, नसेल तर व्हील हातात सतत ओढतं. जुन्या टिलरमधे हँडलचा सांधा हलवून बघा, वर-खाली लटपटत असेल तर बुश गेलेत, आणि गिअर हँडलवरच आहे की इंजिनाच्या अंगाला ते बघा, अंगाला असेल तर बॅकट्रोलिंग करताना दर वेळी वळून हात मागे न्यायला लागतो.

आणि पाण्यात चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बोट शोमधे बसून फक्त सीट कशी आहे तेवढं कळतं. चांगला डीलर एप्रिल-मेमधे, बर्फ गेल्यावर, टेस्ट राइड देतो, मागून घ्या, आणि वारा असलेला दिवस निवडा, शांत पाण्यात सगळ्याच बोटी चांगल्या वाटतात. टिलर असेल तर किल-स्विचची दोरी जॅकेटला अडकवून आधी एकट्यानं प्लेनवर आणून बघा, किती वेळ समोरचं दिसत नाही ते मोजा, मग बोटीची मागची बाजू वाऱ्याकडे करून रिव्हर्समधे दहा मिनिटं एक खोली धरून चालवा. कन्सोल असेल तर व्हीलसमोर उभं राहून पण चालवा, काचेची वरची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत येत असेल तर ती बोट तुमच्या उंचीची नाही. बायको-मुलांना बरोबर न्या, त्यांना ते बसणार त्याच सीटवर बसवा आणि लाट तिरकी घेऊन बघा पाणी कुणावर येतं. बाहेर निघाल्यावर ड्रेन प्लग काढून लाइव्हवेल रिकामी करायची, झेब्रा मसल (एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी शिंपले) पसरू नयेत म्हणून रस्त्यावर प्लग काढलेलाच ठेवायचा हा इथला कायदा आहे, आणि परत पाण्यात सोडायच्या आधी तो लावायचा. प्लग ज्या बोटीत वाकून, झोपून, चाचपडून काढायला लागतो ती बोट विकत घ्यायच्या आधी अजून एकदा विचार करा, कारण ते काम तुम्हाला दर खेपेला दोनदा करायचंय.